आधी ती ट्यूब बाहेर काढा: वांग, दिवाळीपासूनची केसगळती आणि मुलीची काळवंडलेली मान

प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातल्या एक शिक्षिका, वय ३८. धाकटीच्या वेळी दिवस गेले तेव्हापासून दोन्ही गालांवर वांग आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारणीनं सांगितलेली एक ट्यूब मेडिकलमधून आणली आणि महिन्याभरात चेहरा उजळला. आता ट्यूब दोन दिवस थांबवली तरी तोंड भाजल्यासारखं होतं, उन्हात गेलं की लाल होतं, गालांवर बारीक लाल शिरा दिसतात आणि वांग पूर्वीपेक्षा गडद झालंय. गणपतीत डेंग्यू झाला होता. दिवाळीपासून केस मुठीनं जातायत. बायोटिनच्या गोळ्या घेतल्या, तेल बदललं, फरक नाही. थोरल्या मुलीची, वय १४, मान काळी पडलीय आणि कितीही घासली तरी निघत नाही. पुतणीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय, तोवर चेहरा साफ होईल का?

ताई, तुम्ही वांगाबद्दल विचारलंत, पण मला आधी त्या ट्यूबबद्दल बोलायचंय. गेली बावीस वर्षं मी त्वचारोगांचा दवाखाना चालवते आणि बायकांच्या चेहऱ्याचं जितकं नुकसान अशा ट्यूबनी केलेलं पाहिलंय, तितकं उन्हानं केलेलंही नाही. ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरांतली नावं वाचा. बहुतेक तिथे तीन औषधं असतील: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन. तिसरं जे आहे ते स्टिरॉइड. बीटामेथासोन आणि क्लोबेटासोल हीही त्याच घरातली, आणि चेहऱ्यासाठी जास्तच कडक. ट्यूबवर उभी लाल रेघ असेल तर तिचा अर्थ हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. लावायची बरीचशी स्टिरॉइड औषधं २०१८ मध्ये सरकारनं शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या, यादीत स्पष्टपणे आणली. तरीही ती दुकानात मागितली की मिळतात, हे तुम्हीही अनुभवलंय.

हे मिश्रण मुळात वाईट नाही. वांगासाठी तीन औषधं एकत्र वापरायची कल्पना १९७५ मध्ये क्लिगमन नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी मांडली आणि आजही आम्ही ते लिहून देतो. पण ते सहा-आठ आठवड्यांसाठी, रात्री, फक्त डागावर आणि मध्ये तपासणी करून. दोन वर्षं रोज, सगळ्या तोंडाला, क्रीमसारखं लावण्याचं हे औषध नाही. स्टिरॉइडनं सुरुवातीला चेहरा गोरा आणि तुळतुळीत दिसतो, कारण ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि सूज दाबतं. महिने उलटले की कातडी पातळ होते, त्याच रक्तवाहिन्या सैलावून फुगून वर दिसू लागतात, बारीक फोड येतात, हनुवटीवर लव वाढते. मग ट्यूब थांबवली की दाबून ठेवलेली सगळी आग एकदम उसळते. बाईला वाटतं, ट्यूब बंद केली म्हणून त्रास झाला, म्हणजे ट्यूबच बरी. ती पुन्हा लावते. या फेऱ्यात अडकलेल्या इतक्या बायका आपल्याकडे दिसू लागल्या की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नाव दिलं आणि आमच्या संघटनेनं त्याविरुद्ध मोहीम उघडली. हायड्रोक्विनोनही वर्षानुवर्षं लावलं तर काही जणींच्या गालांवर निळसर-काळी झाक येते, आणि ती वांगापेक्षा चिवट असते.

म्हणून पहिली गोष्ट: ही ट्यूब सोडायची. पण उद्या सकाळपासून एकटीनं नाही. दोन वर्षांच्या वापरानंतर आम्ही बहुधा ती हळूहळू उतरवतो: आधी सौम्य स्टिरॉइड, मग एक दिवसाआड, मग बंद. सोबत स्टिरॉइड नसलेलं सूज उतरवणारं मलम देतो, आणि लाली फार असेल तर काही आठवडे पोटातून गोळ्या. हे तुमच्या भागातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन करा. नावापुढे त्वचारोगातली एम.डी., डी.व्ही.डी., डी.डी.व्ही.एल. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का, एवढं पाहा. मधल्या काळात डॉक्टरांच्या औषधांखेरीज चेहऱ्याला फक्त तीन गोष्टी: फेस न करणारा सौम्य क्लेन्झर, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. आग झाली की फ्रिजच्या साध्या गार पाण्यात बुडवून पिळलेलं मऊ सुती फडकं दहा मिनिटं ठेवा. बर्फ घासू नका. पहिले दोन-चार आठवडे वाईट जातील, हे मी आताच सांगते, कारण नेमक्या याच दिवसांत बायका हार मानून जुन्या ट्यूबकडे वळतात. कातडी पूर्ववत व्हायला महिने लागतात. पण होते, मी शेकडो वेळा पाहिलंय.

या काळात घरगुती उपायही थांबवा. लिंबू तर अजिबात नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडीवर भाजल्यासारखे पट्टे उठतात आणि काळे डाग मागे राहतात. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, अक्रोडाचा स्क्रब, पार्लरमधलं ब्लीच, सगळं बंद. बेसन-दुधानं एरवी कुणाचं नुकसान होत नाही, पण सध्या तेही घासून नको.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण स्टिरॉइड सुटलं की पुढचं आकर्षण हेच असतं: विनालेबल डबीतलं ‘गोरेपणाचं’ क्रीम. त्यात कधीकधी पारा असतो. पारा कातडीतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती, एकाच घरातल्या तिघींना असं क्रीम वापरून मूत्रपिंडाचा विकार झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला. त्याच वर्षी केरळातल्या मलप्पुरममधूनही असे रुग्ण समोर आले. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती घरात ठेवू नका. गोरेपणासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनांबद्दलही माझं उत्तर नाही असंच आहे. या कामासाठी त्यांना आपल्याकडे मान्यता नाही.

आता वांग. वांग म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशी गरजेपेक्षा जास्त जागरूक झालेल्या असतात. गरोदरपण किंवा गर्भनिरोधक गोळ्यांतली संप्रेरकं, घरातली आनुवंशिकता आणि प्रकाश, या तिघांनी मिळून ते येतं. यातला प्रकाश एवढाच तुमच्या हातात आहे. आणि इथे बहुतेकींचं चुकतं. सनस्क्रीन लावते असं प्रत्येक जण सांगते, पण किती? डबीवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा मोजताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतकं लावलेलं असतं. आपण त्याच्या पाव-अर्ध लावतो, मग एसपीएफ ५० चं संरक्षण फारच कमी उरतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. सकाळी शाळेला निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, आणि मधल्या सुट्टीत पुन्हा. दुसऱ्या वेळचं लावणं जास्त महत्त्वाचं, कारण दुपारपर्यंत घामानं पहिला थर गेलेला असतो.

वांगासाठी रंगीत सनस्क्रीन घ्या, ज्यात लोहाचे ऑक्साइड असतात. वांग फक्त अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही वाढतं, आणि तो उजेड साधी पांढरी सनस्क्रीन अडवत नाही. खिडकीची काचही फक्त काही किरण अडवते, म्हणून वर्गात खिडकीशेजारी तुमची खुर्ची असेल तर जागा बदला. शेगडीची धगही वांगाला भर घालते असा माझा अनुभव आहे, भाकऱ्या थापताना तोंड थोडं लांब ठेवा. आणि स्कूटरवर पुण्याच्या मुली बांधतात तसा सुती स्कार्फ, मैदानावर छत्री. आपल्या आज्या शेतात डोक्यावरून पदर पुढे ओढून कामं करायच्या, ते खुळचट नव्हतं.

कातडी शांत झाली की डॉक्टर वांगाचं औषध सुरू करतील. बहुधा अझेलाइक ॲसिडसारख्या सौम्य औषधापासून. ट्रानेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या काही जणींना चांगल्या लागू पडतात, पण पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगायलाच हवं. दिवस जाण्याची शक्यता असेल तर ट्रेटिनोइन आणि हायड्रोक्विनोन दोन्ही टाळतात. लेझरबद्दल कुणी घाई केली तर थांबा. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णात चुकीच्या लेझरनं वांग दुप्पट गडद झालेलं मी अनेकदा पाहिलंय. आणि वांग मधुमेहासारखं सांभाळायचं असतं. ते फिकं पडतं, पुसून जात नाही. एका उन्हाळ्यात हयगय झाली की परततं.

केसांकडे येते. इथे तुमच्याच पत्रात उत्तर दडलंय: गणपतीत डेंग्यू, दिवाळीत केसगळती. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता थांबून राहतो आणि गळतो. एका वेळी दहातला जेमतेम एक केस थांबलेल्या अवस्थेत असतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस जाणं निरोगी आहे. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून उतरवलेलं वजन किंवा घरातला मोठा धक्का यांनी शरीर काटकसर करतं आणि एकदम कितीतरी केसांना थांबायला लावतं. ते केस लगेच पडत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी, ताप विसरून गेल्यावर पडतात. म्हणून केसगळतीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकीला मी कॅलेंडर मागे उलटायला लावते. कुणी शॅम्पूला दोष देतं, कुणी बोअरच्या पाण्याला. जड पाण्यानं केस राठ होतात, मध्येच तुटतात, पण मुळापासून गळत नाहीत.

गळालेला केस उजेडात धरून बघा. टोकाला बारीक पांढरा गोळा दिसेल. बायका घाबरतात की मूळच निघालं. ते मूळ नव्हे. ते थांबलेल्या केसाचं सुकलेलं टोक असतं. खरं मूळ कातडीत शाबूत आहे आणि नवा केस खालून येतोय, म्हणूनच जुना ढकलला गेला. ही गळती साधारण सहा महिन्यांत आपली आपण ओसरते. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे वेणी पूर्वीसारखी जाड दिसायला वर्ष-दीड वर्ष लागेल. कपाळाशी बारीक उभे केस दिसू लागले की समजा, गाडी रुळावर आहे.

पण सगळं डेंग्यूवर ढकलून मी मोकळी होणार नाही, कारण महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा ५४ टक्क्यांच्या पुढे आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन ही वेगळी तपासणी करा. ती तापात करायची नसते, तेव्हा फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. तुमचा ताप जाऊन महिने झालेत, आता हरकत नाही. ३० च्या खाली आलं तर मी लोहाच्या गोळ्या देते आणि पाळीत रक्तस्राव जास्त जातो का हेही विचारते. तसं असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला हवं. साठ्याला गळती चालू असेल तर वरून ओतून काय उपयोग? गोळी चहाबरोबर कधीही घेऊ नका. जेवणानंतर लगेच चहा ही आपली सवय लोह शोषू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाचा रंग काळा होईल, घाबरू नका. अळिवाचे लाडू खुशाल खा, अळिवात लोह चांगलं असतं, पण फेरिटिन १० असेल तर लाडवांवर भागणार नाही.

सोबत थायरॉइडही तपासा, आणि इथे एक सूचना महत्त्वाची: बायोटिनच्या गोळ्या रक्त देण्याच्या निदान तीन दिवस आधी बंद करा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, आणि त्या चुकीच्या आकड्यांवर गोळ्या चालू झालेली माणसं मी पाहिलीयत. खरं तर त्या गोळ्या पुन्हा सुरू करूही नका. बायोटिनची कमतरता आपल्या जेवणात सहसा होत नाही. कमी पडतात ती प्रथिनं. भात-आमटी, पोळी-भाजी अशा ताटात ती पुरेशी नसतात. ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४५ ते ५५ ग्रॅम लागतात, एका अंड्यात ६ आणि वाटीभर घट्ट वरणात तेवढीच मिळतात. मोडाची उसळ, दही, शेंगदाणे, अंडी किंवा मासे जेवणात दोन्ही वेळा हवेत.

तेलाचं म्हणाल तर खोबरेल तेल केसासाठी चांगलंच आहे. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं निघून जाणं कमी करतं. पण ते केसाच्या दांड्याचं औषध आहे, मुळाचं नाही. न्हाण्याआधी तास-दोन तास लांबीला लावा. कोंडा असेल तर टाळूला थापून रात्रभर ठेवू नका, कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. कोंड्याला केटोकोनाझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर पाच मिनिटं ठेवून धुवायचा. केस गळतात म्हणून न्हाणं टाळू नका, त्या दिवशी पडणारे केस आधीच सुटलेले असतात. आणि शाळेत जाताना आंबाडा कपाळाचे केस ताणले जातील इतका घट्ट नको. वर्षानुवर्षांच्या ताणानं कपाळाच्या कडेचे केस कायमचे जातात.

आरशात भांग बघा. केस सगळीकडून विरळ झाले असतील तर वाट बघायची. भांग मध्यभागी रुंद होत चालला असेल, आईचा-मावशीचाही तसाच असेल, तर ती वेगळी, हळू वाढणारी केसगळती आहे आणि तिला मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं औषध लागतं. ते सुरू केल्यावर पहिल्या महिना-दोन महिन्यांत गळती उलट वाढते, परिणाम चार-सहा महिन्यांनी दिसतो आणि बंद केलं की फायदाही जातो. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नको. घरात मांजर असेल तर फार जपा, चाटण्यात गेलेलं थोडंसं मिनॉक्सिडिलही मांजराच्या जिवावर बेतू शकतं. एखादा नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला, म्हणजे चाई लागली, किंवा चेहऱ्याच्या लालीबरोबर सांधे दुखतायत, तोंडात वारंवार फोड येतायत, ताप येतोय, असं असेल तर मात्र थांबू नका.

आता मुलीबद्दल, आणि हे मला सगळ्यात तळमळीनं सांगायचंय. तिची मान मळलेली नाही. ती नीट आंघोळ करते. मानेची कातडी जाडसर, मखमलीसारखी काळी होणं ही बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन जास्त असल्याची खूण असते. काखेत, कोपरांवर, बोटांच्या पेरांवरही पाहा. नायलॉनच्या घासणीनं किंवा वज्रीनं घासल्यानं ती आणखी जाड आणि काळी होते. आजी, आत्या, वर्गातल्या मुली तिला काय काय बोलल्या असतील याची मला कल्पना आहे, कारण माझ्यासमोरच्या खुर्चीत अशा मुली ओढणी गळ्याभोवती गुंडाळून बसतात. तिला पहिल्यांदा एवढंच सांगा की ही घाण नाही आणि यात तिची चूक नाही.

मग तिला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा फिजिशियनकडे न्या. वजन, उंची, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, तपासून घ्या. घरात कुणाला मधुमेह असेल तर सांगा. पाळी सुरू होऊन किती वर्षं झाली तेही सांगा. पहिली दोन वर्षं पाळी मागेपुढे होतेच, तेवढ्यावरून पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा विकार, असा शिक्का मारू देऊ नका. पाळी तीन-तीन महिने येत नसेल, हनुवटीवर जाड केस आणि जबड्याच्या कडेला मोठे फोड येत असतील, तर वेगळी तपासणी होईल. वजन जास्त असेल तर रोज तासभर मैदानावर खेळणं, गोड पेयं आणि बेकरीचं बंद, वेळेवर झोप, आणि हे सगळं घरानं मिळून. फक्त तिच्या ताटातलं काढून घेऊ नका. साखर सांभाळली गेली की मान हळूहळू मऊ आणि फिकी होते. क्रीमनं होईल ते वरवरचं.

आणि लग्न. नाही ताई, दोन महिन्यांत वांग जाणार नाही, आणि जो जाईल म्हणतो त्याच्या हातात बहुधा तीच ट्यूब असते. पण लाली आणि आग तोवर बरीच उतरू शकते. लग्नाच्या दिवशी सनस्क्रीन लावा, ते मुरलं की वर नारिंगीकडे झुकणारं कन्सीलर आणि फाउंडेशन. मेकअप करायला हरकत नाही, रात्री तो घासून न काढता सौम्य क्लेन्झरनं दोनदा हलकेच धुवा. लग्नाआधीच्या आठवड्यात नवं फेशियल नको. केसांना रंग लावणार असाल तर कानामागे थोडासा लावून ४८ तास वाट पाहा, आधी कितीही वेळा लावला असला तरी. काळी मेंदी मुलींच्या हातावर काढू देऊ नका, तिच्यात केसांच्या रंगातलंच रसायन असतं आणि फोड येतात. साधी हिरवी, भिजवलेली मेंदी चालेल. टिकली ज्या जागी खाजते किंवा पांढरी पडत चाललीय तिथे चिकटवायची टिकली नको, तिच्या डिंकातल्या रसायनानं कातडीचा रंग कायमचा जाऊ शकतो. परकराची नाडी एकाच जागी करकचून बांधू नका, रुंद पट्टा वापरा. कमरेला बरी न होणारी जखम असेल तर ती डॉक्टरांना दाखवा. लग्नघरातल्या मोठ्या बायकांनाही हे विचारा, त्या आपणहून सांगत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब, आतापर्यंत लावलेली सगळी क्रीमं, तेलाची बाटली, बायोटिनची डबी आणि डेंग्यूचे रिपोर्ट एका पिशवीत घालून न्या.